गिऱ्हाईक म्हणतं "जुनंच बरं होतं", तेव्हा काय करायचं? मेटॅलिकाच्या चाहत्यांकडून एक धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी गिऱ्हाइकांचा अभिप्राय कसा वाचायचा यावर बोललो. वेळ कमी पडला. शिवाय उदाहरण घेतलं एका हेवी मेटल बँडचं, त्यामुळे बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, हे काय मधेच?" म्हणून इथे सगळं सावकाश लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात एका ताईंच्या मेसेजपासून करू. ताई आपल्या मागच्या बॅचच्या. चार वर्षांपासून घरी शेंगदाण्याची चटणी करून विकतात, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. दिवाळीच्या सुमारास त्यांनी जवसाची चटणी काढली. बचत गटाकडून कर्ज घेऊन १५ किलो जवस भरला. साठ पाकिटं गेली आणि चौदा जणांनी मत कळवलं. ताईंनी रात्री साडेदहाला मला लिहिलं : "सर, सहा जण म्हणतायत शेंगदाण्याचीच बरी होती. मी ही बंद करू का? पण हप्ता कुठून भरू?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांना म्हटलं, "ताई, चौदाही मतं जशीच्या तशी लिहून पाठवा. तुमच्या शब्दांत नको, त्यांच्या शब्दांत."

नेमकं त्याच आठवड्यात माझा भाचा घरी आला होता. हा मेटॅलिकाचा कट्टर चाहता. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिकाचा भारतातला पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा हा पठ्ठ्या पुण्याहून रात्रभर बसने प्रवास करून गेला होता. मी त्याला सहज विचारलं, "तुमच्या बँडचा नवीन अल्बम कसा आहे रे?" तो दोन तास बोलला. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, अरे, ताईंच्या चौदा मतांमध्ये जे आहे तेच इथे आहे, फक्त आवाज मोठा आहे!

आधी थोडी ओळख

ज्यांना हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट वाटतो (मलाही वाटायचा), त्यांच्यासाठी दोन ओळी. मेटॅलिका हा अमेरिकन बँड. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला. गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफिल्ड आणि ड्रमवादक लार्स उलरिक हे दोघं संस्थापक. पुढे कर्क हॅमेट गिटारवर आला आणि २००३ पासून रॉबर्ट त्रुहियो बेस गिटारवर आहे. म्हणजे चाळीस वर्षांहून जुना 'धंदा' आणि दोन भागीदार पहिल्या दिवसापासून तेच.

त्यांचा अकरावा स्टुडिओ अल्बम '७२ सीझन्स' १४ एप्रिल २०२३ ला आला. नावाचा अर्थ बघा. वर्षाचे चार ऋतू धरले तर ७२ ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षं. आपण पुढे कसे वागतो हे त्या अठरा वर्षांत कसं ठरतं, असा अल्बमचा विषय.

माल बाजारात आणायची पद्धतही बघण्यासारखी आहे. २८ नोव्हेंबर २०२२ ला त्यांनी 'लक्स एटर्ना' हे पहिलं गाणं सोडलं. हे अल्बममधलं सगळ्यात छोटं गाणं, साडेतीन मिनिटांच्या आत संपणारं आणि जुन्या वेगवान मेटॅलिकाची आठवण करून देणारं. त्यानंतर थोड्या थोड्या अंतराने आणखी तीन गाणी आली. बारापैकी चार गाणी लोकांनी आधीच ऐकली होती. शिवाय प्रकाशनाच्या आदल्या दिवशी जगभरातल्या चित्रपटगृहांत अख्खा अल्बम ऐकवला. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी चमच्यावर चव दिली आणि मग पाकीट विकलं.

अल्बम आला आणि मतं सुरू झाली

भाच्याने सांगितलेली आणि मी नंतर स्वतः वाचलेली मतं साधारण अशी होती :

- खूप लांब आहे. ७७ मिनिटं! बारापैकी तीन-चार गाणी कमी केली असती तर जबरदस्त झाला असता.
- हेटफिल्डचा आवाज या वयात इतका दमदार, कमाल आहे.
- कर्क हॅमेटचे सोलो एकसारखे वाटतात, वा-वा पेडलचा वापर फार. (सोलो म्हणजे गाणं थांबवून एकट्या गिटारने घेतलेली जागा.)
- कर्कचे सोलो मोकळे आणि जिवंत आहेत, मस्त! (हो, वरच्या मताच्या अगदी उलट.)
- लार्सचं ड्रमवादन साधं झालंय.
- एकही संथ गाणं नाही. काहींना ही उणीव वाटली, तर काहींना आनंद झाला.
- शेवटचं 'इनामोराटा' हे गाणं अकरा मिनिटांहून मोठं, बँडच्या आजवरच्या गाण्यांत सगळ्यात लांब. आणि "फार लांब आहे" म्हणणाऱ्यांपैकीच कित्येकांना तेच सगळ्यात जास्त आवडलं!
- आणि अर्थातच, 'मास्टर ऑफ पपेट्स'ची सर नाही.

आता तुम्ही मेटॅलिकाचे मालक आहात असं समजा. काय कराल? लांबी कमी कराल? कर्कला बदलायला सांगाल? १९८६ साली केलेला अल्बम पुन्हा कराल?

इथेच बहुतेक नवउद्योजक गडबडतात. ते मतं मोजतात. सहा विरुद्ध दोन, झालं, बंद करा! मतं मोजायची असतात, पण त्याआधी निवडायची असतात. आई मिसळणाच्या डब्यात हळद, तिखट, मोहरी, जिरं वेगवेगळ्या वाटीत ठेवते, तसं करा. आपण चार वाट्या घेऊ.

वाटी पहिली : "जुनंच बरं होतं"

ही वाटी नेहमी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त भरते. मेटॅलिकाच्या बाबतीत ही तक्रार किती जुनी आहे माहितीये? १९८४ साली त्यांचा दुसराच अल्बम आला. त्यात 'फेड टू ब्लॅक' हे संथ सुरुवातीचं गाणं होतं. तेव्हाच काही चाहते म्हणाले, "गेले हे, विकले गेले!" दुसऱ्याच अल्बमला!

मग १९९१ चा, काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम. गाणी छोटी केली, वेग कमी केला. जुने कट्टर चाहते चिडले. पण त्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटींहून जास्त प्रती खपल्या. आज भाच्यासारखे कित्येक चाहते त्याच अल्बमपासून मेटॅलिका ऐकायला लागलेले आहेत. १९९६ मध्ये 'लोड' आला, चौघांनी लांब केस कापले होते, तेव्हा तर केसांवरूनही भांडणं झाली.

गंमत अशी की १९९१ मध्ये ज्या अल्बमला शिव्या पडल्या, तोच आज "जुना चांगला काळ" म्हणून सांगितला जातो. म्हणजे आजचं "नवीन" हे उद्याचं "जुनंच बरं" असतं.

या वाटीतल्या मताचं काय करायचं? हे मत तुमच्या जुन्या मालावरच्या प्रेमाचं आहे. नवीन मालाबद्दल ते फारसं काही सांगत नाही. त्यामुळे ऐकून घ्या, आभार माना आणि जुना माल चालू ठेवा. मेटॅलिकाने हेच केलं. २७ एप्रिल २०२३ ला ॲमस्टरडॅमहून सुरू झालेल्या दौऱ्यात त्यांनी एकेका शहरात दोन-दोन रात्री कार्यक्रम ठेवले आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं पुन्हा घेतलं नाही. दर रात्री बहुतेक गाणी जुनी आणि मधे मोजकी नवीन. जुन्यासाठी आलेल्या माणसाला नवीनही ऐकायला मिळालं. ताटात वरण-भात तोच, फक्त डावीकडे एक नवीन कोशिंबीर!

वाटी दुसरी : "माल बिघडलाय"

ही वाटी छोटी असते, पण सगळ्यात महत्त्वाची. यातल्या मताची ओळख सोपी आहे. माणूस नेमकं बोट ठेवतो. एकमेकांना न ओळखणारी माणसं त्याच जागी बोट ठेवतात. आणि तुम्ही स्वतः तपासून बघू शकता.

२००३ चा 'सेंट अँगर' घ्या. ड्रमसेटमध्ये स्नेअर नावाचा ड्रम असतो. त्याच्या खालच्या कातड्याला तारा लागून असतात, त्यामुळे वाजवल्यावर खणखणीत, करकरीत आवाज येतो. लार्सने त्या तारा मोकळ्या सोडून वाजवलं. आवाज आला रिकामा पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. जगभरातले लोक नेमकं हेच म्हणाले, डबा वाजतोय. शिवाय त्या अल्बममध्ये गिटारचे सोलोच नव्हते.

बघा हं, अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला होता, त्यातल्या शीर्षकगीताला ग्रॅमीही मिळालं. म्हणजे विक्री आणि बक्षीस असूनही दोष दोषच राहिला. लार्स आजही त्या आवाजाच्या बाजूने बोलतो, तो त्याचा स्वभाव. पण २००८ च्या पुढच्या अल्बममध्ये, 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये, तो डब्याचा आवाज गेला होता आणि सोलो परत आले होते. तोंडाने कबूल केलं नाही तरी पुढच्या घाण्यात दुरुस्ती झाली!

पण 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये दुसरीच अडचण निघाली. रेकॉर्डिंग इतकं चढवलेलं होतं की आवाज फाटायला लागला. आणि हे लोकांना कळलं कसं? तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्येही आली होती, तिथे ती स्वच्छ ऐकू येत होती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवला. पुन्हा मिक्सिंग करा म्हणून दहा हजारांहून जास्त लोकांनी विनंती अर्जावर सह्या केल्या.

याला म्हणतात सोन्यासारखा अभिप्राय. "आवडलं नाही" असं कोणी म्हणालं नव्हतं. लोक म्हणत होते, "गाणी चांगली आहेत, पॅकिंगमध्ये मार खाल्लाय." २०१६ च्या 'हार्डवायर्ड'चा आवाज आधीपेक्षा स्वच्छ आहे, असं बहुतेक चाहत्यांचं मत पडलं.

या वाटीचं काय करायचं? ताबडतोब तपासायचं आणि दुरुस्त करायचं. दोनच माणसं बोलली असली तरी.

वाटी तिसरी : "आवडीचा प्रश्न"

एकाच गोष्टीला अर्धे लोक नावं ठेवतात आणि अर्धे त्याच गोष्टीसाठी टाळ्या वाजवतात, तेव्हा समजा की हे तिसऱ्या वाटीतलं. कर्कचे सोलो हे पक्कं उदाहरण. टीका झाल्यावर कर्कने उघडपणे सांगितलं की त्याने ते सोलो मुद्दामच उत्स्फूर्त ठेवलेत, आधीपासून घोटून बसवलेले नाहीत. म्हणजे ती चूक नव्हती, निर्णय होता.

तुमच्या चटणीला कोणी "तिखट कमी" म्हणेल आणि कोणी "फार तिखट". दोघांना खूश करायला गेलात तर तिसरीच, कोणालाच न आवडणारी चटणी तयार होईल. इथे निर्णय मालकाचा. फक्त "मी हे का केलं?" याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे. कर्ककडे होतं. ते नसेल, तर विचार करा.

आता लांबीचं काय? ७७ मिनिटं ही आवड की दोष? इथे मला जरा थांबावं लागलं. कारण हे मत अल्बम आवडलेल्या लोकांनीही दिलं. १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये आठ गाणी आहेत, पंचावन्न मिनिटांच्या आसपास. त्यानंतर सीडीमध्ये जागा वाढली आणि अल्बमही लांबत गेले. 'हार्डवायर्ड' तर दोन सीडींवर होता. जागा आहे म्हणून भरत गेले, असं भाचा म्हणतो. मला ते पटतं. पण 'इनामोराटा' अकरा मिनिटांचं असूनही लोकांना लांब वाटत नाही. म्हणजे लोकांची तक्रार घड्याळाबद्दल नाही, निवडीबद्दल आहे. ते म्हणतायत, "तुम्हीच निवडून द्या ना, आम्हाला निवडायला लावू नका."

हे वाक्य वहीत लिहून घ्या. नवीन उद्योजकाची सगळ्यात मोठी चूक हीच असते. बावीस प्रकारची लोणची, अठरा प्रकारचे लाडू. गिऱ्हाईक गोंधळतं आणि काहीच न घेता जातं.

या बाबतीत मेटॅलिकाचाच एक जुना किस्सा आहे. १९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' अल्बममधली गाणी फार लांब आणि गुंतागुंतीची होती. शीर्षकगीतच जवळजवळ दहा मिनिटांचं. दौऱ्यावर ती वाजवताना समोरच्या लोकांचे कंटाळलेले चेहरे दिसायचे, असं कर्कने नंतर सांगितलं आहे. १९९१ च्या छोट्या, थेट गाण्यांमागे हा अनुभव होता. कोणी लेखी तक्रार केली नव्हती, पुढच्या रांगेतले चेहरे बोलले होते. तुमच्या स्टॉलवर चव घेतल्यानंतरचे पहिले दोन सेकंद गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघा. "छान आहे हो" हे तोंड देखलं म्हणू शकतं, पण चेहरा खोटं बोलत नाही.

वाटी चौथी : "माझ्या कामी आलं"

ही वाटी बहुतेक लोक रिकामी ठेवतात, कारण या मतात तक्रार नसते आणि मोठी स्तुतीही नसते.

'७२ सीझन्स'ची गाणी हेटफिल्डने मनातल्या अंधाराबद्दल लिहिली आहेत. २०१९ मध्ये तो व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी गेला होता आणि बँडने तेव्हाचा दौरा पुढे ढकलला होता. हे त्यांनी लपवलं नाही. या अल्बममध्ये आत्महत्येच्या विचारांबद्दल उघड बोलावं, लाजू नये, असं सांगणारं गाणंही आहे. म्हणून काही चाहत्यांनी सोलो, ड्रम, लांबी यातलं काहीच काढलं नाही. ते एवढंच म्हणाले की, वाईट दिवसांत या गाण्यांनी साथ दिली. माझ्या भाच्यानेही दोन तासांच्या शेवटी हेच सांगितलं, जरा खालच्या आवाजात. त्याची नोकरी गेली होती ते दिवस मला तेव्हा आठवले.

असं मत पाच ताऱ्यांमध्ये मावत नाही. पण तुमचा माल कोणाच्या आयुष्यात कुठे बसतो, हे फक्त यातूनच कळतं. आणि पुढची विक्री तिथूनच वाढते.

मत देणारा कोण, हेही बघा

२०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेच्या चौथ्या सीझनमध्ये 'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणं वाजलं आणि छत्तीस वर्षांपूर्वीचं गाणं पुन्हा लोकप्रिय याद्यांमध्ये आलं. शाळा-कॉलेजातली नवी पोरं मेटॅलिका ऐकायला लागली. काही जुन्या चाहत्यांनी नाक मुरडलं, "हे कसले खरे चाहते!" बँडने मात्र जाहीरपणे सांगितलं की सगळ्यांचं स्वागत आहे.

विचार करा, या नव्या पोरांसाठी १९८६ चा अल्बम आणि २०२३ चा अल्बम दोन्ही एकाच वर्षात भेटले. त्यांच्याकडे "पूर्वीसारखं राहिलं नाही" हे वाक्यच नाही. म्हणून प्रत्येक मतापुढे लिहा : जुनं गिऱ्हाईक की नवं? नवीन मालाची परीक्षा जुनं गिऱ्हाईक जुन्याशी तुलना करून घेतं आणि नवं गिऱ्हाईक गरजेशी तुलना करून. दोन्ही मतं खरी, पण प्रश्न वेगळे.

मत आणि पाकीट

मत एकीकडे आणि खिशातून निघणारे पैसे दुसरीकडे. '७२ सीझन्स' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत मात्र दुसऱ्या क्रमांकावर थांबला. १९९१ पासून सलग सहा स्टुडिओ अल्बम तिथे थेट पहिल्या क्रमांकावर आले होते, ती साखळी तुटली. २०२४ मध्ये शीर्षकगीताला मेटल विभागातलं ग्रॅमी मिळालं. मग अल्बम यशस्वी की अयशस्वी? प्रश्नच चुकीचा आहे. नाराज चाहताही तिकीट काढून दौऱ्याला गेला ना? मग तो गिऱ्हाईक अजून तुमचाच आहे. भाच्याचं उदाहरण घ्या. दोन तास दोष काढले आणि अंगात टी-शर्ट कुठला? '७२ सीझन्स'चाच!

रागावून बोलणारं गिऱ्हाईक अजून तुमच्या दारात उभं असतं. न बोलता दुसऱ्या दुकानात जाणाऱ्याची काळजी करा.

इथे मेटॅलिकाची नक्कल करू नका

एक सावधगिरीची सूचना. 'जस्टिस' अल्बममध्ये बेस गिटारचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही, ही चाहत्यांची तीस वर्षांची तक्रार. २०१८ मध्ये तो अल्बम पुन्हा नव्याने बाजारात आणला तेव्हाही बँडने बेस वाढवला नाही. जे झालं तो इतिहास आहे, तसाच राहू दे, अशी त्यांची भूमिका.

त्यांना ते परवडतं. आपल्याला नाही. खवट निघालेली चटणी "इतिहास" म्हणून ठेवता येत नाही. ती परत घ्यायची, पैसे किंवा नवीन पाकीट द्यायचं आणि माफी मागायची.

आता आपल्या ताईंकडे वळू

ताईंची चौदा मतं आम्ही फोनवर बसून वाट्यांमध्ये टाकली.

- पहिली वाटी : "शेंगदाण्याचीच बरी" - सहा. सगळी जुनी गिऱ्हाइकं. आणि सहाही जणांनी त्याच वेळी शेंगदाण्याची चटणी पुन्हा मागवली होती! हे ताईंच्या लक्षातच आलं नव्हतं.
- दुसरी वाटी : "जरा खवट लागली" - तीन, आणि "पाकीट नीट उघडत नाही" - एक.
- तिसरी वाटी : "तिखट कमी" - दोन.
- चौथी वाटी : एक सूनबाई म्हणाल्या, "सासऱ्यांना दात नाहीत, शेंगदाण्याचे कण टोचतात, ही बारीक आहे म्हणून भाकरीशी चालते." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "मुलगा हॉस्टेलला नेतो, दह्यात कालवून खातो."

ताई सहा मतांनी रडकुंडीला आल्या होत्या आणि खरी अडचण होती तीन मतांमध्ये. जवस तेलकट असतो, भाजून कुटल्यावर लवकर खवट होतो. ताईंनी दिवाळीआधी एकदम मोठा घाणा करून ठेवला होता. खवट म्हणणाऱ्या तिघींनीही पाकीट उशिरा, महिनाभराने घेतलं होतं. त्या तिघी एकमेकींना ओळखतही नाहीत. पक्का दुसऱ्या वाटीचा माल!

ताईंनी तिघींना फोन केला, पाकिटं बदलून दिली. उरलेला जवस अख्खाच होता, तो तसाच ठेवला. आता दर आठवड्याला ऑर्डरपुरताच भाजून कुटतात आणि पाकिटावर केल्याची तारीख टाकतात. पाकिटाला कापायची खूण केली. तिखट होतं तेवढंच ठेवलं. आणि लेबलवर एक ओळ वाढवली : "बारीक कुटलेली, दह्यात कालवून खा."

चमत्कार झाला नाही. जवसाची चटणी अजून शेंगदाण्याच्या चटणीच्या निम्मीही जात नाही. पण पुन्हा मागणारे तयार झालेत, जवस संपत आलाय आणि हप्ता वेळेवर जातोय. बंद केली असती तर १५ किलो जवस आणि कर्ज दोन्ही घरात पडून राहिलं असतं.

गृहपाठ

१. तुमच्या शेवटच्या नवीन मालाबद्दल किमान दहा मतं गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहा. "आवडलं नाही" एवढंच असेल तर एक प्रश्न विचारा : "नेमकं काय?"

२. प्रत्येक मतापुढे दोन गोष्टी लिहा : जुनं की नवं गिऱ्हाईक, आणि त्यानंतर त्याने पुन्हा काही घेतलं का.

३. चार वाट्यांमध्ये वाटा. दुसऱ्या वाटीत एकही मत असेल तर बाकीचं सोडून आधी ते तपासा.

४. तिसऱ्या वाटीतल्या प्रत्येक मताला "मी हे असं का केलं?" याचं एका ओळीत उत्तर लिहा.

५. हीच वही महिन्याने आणि सहा महिन्यांनी पुन्हा उघडा. पहिल्या दिवसाचं मत घाईचं असतं. भाचा सांगतो, पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला '७२ सीझन्स' कंटाळवाणा वाटला होता. आज गाडी चालवताना तोच लावतो, तीन गाणी गाळून!

तुमच्या कोणत्या वाटीत सगळ्यात जास्त मतं पडली, ते व्हिडिओखाली जरूर लिहा. निवडक वह्या आपण पुढच्या भागात एकत्र वाचू. आणि हो, जेम्स हेटफिल्ड आवडो न आवडो, जवसाची चटणी मात्र ताजीच खा.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा करा, मनापासून करा!